पाण्याच्या वेळेची शाळा

शाळेची वेळ घड्याळावर ठरते, हे मी नोकरीत आल्यावर शिकलो. त्यापूर्वी ज्या शाळेत मला पहिल्यांदा कोणी ‘गुरुजी’ म्हटले, तेथे घड्याळ माझ्या मनगटावरच काय ते होते आणि त्याला कोणी विचारीत नसे. टँकरचा आवाज माळावरून ऐकू आला की एखादे पोर दारातून ओरडे, “मास्तर, नीरु बंतु री!” पाणी आले हो! क्षणार्धात पाट्या जमिनीवर आणि वर्ग रिकामा. मोठ्यांच्या हाती घागरी, लहानांच्या हाती तेलाचे रिकामे डबे. प्रथम प्रथम मी रागावत असे. पंधरा दिवसांनी माझीही घागर घेऊन त्यांच्यामागे धावू लागलो.

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर राजस्थान येते, उंट आणि वाळूच्या टेकड्या येतात. सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला जत तालुका आहे, तेथे वाळू नाही. मुरमाड माळ आहे, हिवर-बाभळीची खुरटी झाडे आहेत आणि सह्याद्रीने अडविलेल्या पावसातले जे उरेल ते आहे. वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस, तोही आला तर. आमच्याच बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडे छत्री वाळत नाही आणि अथणीच्या उत्तरेला ती उघडावी लागत नाही. त्या अथणीला लागूनच हा जतचा मुलूख. जून १९९२ मध्ये बी.ए. होऊन मी स्वयंसेवक शिक्षक म्हणून तेथे गेलो.

मी निपाणीचा. गावाच्या नावातच पाणी नाही, अशी थट्टा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण वेदगंगा-दूधगंगेच्या खोऱ्यातल्या माणसाला तहान म्हणजे काय ते ठाऊक नसते. शिवाय मी सीमाभागातला मराठी मुलगा. १ नोव्हेंबर १९५६ पासून आमच्या गावाला जी जखम झाली, ती या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. वडील तंबाखूच्या वखारीत कारकून होते आणि सीमालढ्यात तुरुंग पाहून आलेले होते. घरात ‘महाराष्ट्र’ हा शब्द देवघरातल्या शब्दांसारखा उच्चारला जाई. तेव्हा एका लहानशा सेवाभावी संस्थेने जतकडच्या एका धनगरवाडीसाठी वर्षभराचा शिक्षक हवा म्हणून विचारले, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की आता आपण महाराष्ट्रात राहणार! मानधन नव्हते. जेवण वाडीने द्यावयाचे, पाट्या-पुस्तके संस्थेने, अंथरूण आपले आपण. माझ्या पिशवीत व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ होती. १९५५ सालचे हे पुस्तक वाचून माणदेशच्या धनगरवाडीवर मास्तर व्हावे असे वाटलेला मी काही एकटाच नसेन.

चिकोडी, मिरज, जत असा दिवसभराचा प्रवास करून, शेवटचे दोन कोस चालून वाडीवर पोहोचलो तो दिवेलागण झाली होती. एक म्हातारबा घोंगडे पांघरून बसले होते. मी नमस्कार करून माझी ओळख सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि आत वळून कोणाला तरी कानडीत सांगितले. आतून कानडीतच उत्तर आले. अंगणातली पोरे कानडीत खिदळत होती. डफळे संस्थानिकांच्या जतेत, महाराष्ट्रात, माझी वाडी कन्नड बोलत होती.

हे मला ठाऊक असावयास हवे होते. जतच्या पूर्वेची कितीतरी गावे कन्नड बोलतात. सांगली जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा तेथे आजही चालतात आणि बालभारती त्यांच्यासाठी कन्नड पाठ्यपुस्तके छापते. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालात आमच्या निपाणीप्रमाणेच जतच्या गावांचाही उल्लेख आहे. आमच्या घरी तो अहवाल हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. त्यामुळे तो वाचण्याचे कोणी मनावर घेतले नव्हते. मीही नाही.

बिरोबाच्या देवळाच्या ओवरीत शाळा भरे. एका फळीला कोळसा आणि पाल्याचा रस फासून मी फळा केला, तो दर आठ दिवसांनी पुन्हा फासावा लागे. संस्थेच्या पाट्या यावयास चार महिने लागले. तोपर्यंत मुले ओवरीतल्या धुळीत बोटाने लिहीत. धुळीत लिहिण्याचा एक फायदा असा की चूक पुसावयास फडके लागत नाही. आषाढाचे वारे सुटले की मात्र चूक-बरोबर सारेच उडून जाई.

मोठी मुले नऊ-दहाच्या सुमारास मेंढरे घेऊन माळावर जात ती तिन्हीसांजेला परतत. लहान मुले कोकरे राखीत. पाण्याला जाणे मुलींकडे. म्हणजे सरकारी वेळापत्रकाप्रमाणे अकरा ते पाच शाळा भरवावी, तर वर्गात मी आणि बिरोबा दोघेच. तेव्हा पहाटे दीड तास आणि रात्री कंदिलापुढे दीड तास, आणि मध्ये टँकर येईल तेव्हा सुट्टी, असे वेळापत्रक आपोआप ठरले. गुरुजींना दिवसाला दोन घागरी पाणी, असा वाडीचा निर्णय होता. तो मोठा मान होता, हे मला उशिरा कळले. पाचसहा माणसांच्या घराला चार मिळत. अंघोळ तिसऱ्या दिवशी, आणि तिचे पाणी परातीत धरून कोकरांपुढे ठेवावयाचे. माझ्या अंगाच्या साबणाने ती पाणी पिईनात, तेव्हा म्हातारबांनी मला बाजूला घेऊन सांगितले, “गुर्जी, साबन र्‍हाऊ द्या. कोकरं उपाशी बसत्यात.”

जेवण पाळीपाळीने एकेका घरी. ज्वारीची भाकरी, खर्डा, हुलग्याचे माडगे, कधी ताक. एखाद्या घरी माझ्यापुरतीच भाकरी दिसे आणि घरची बाई चुलीशी उगाच काहीतरी हलवीत राही. अशा घरी ‘पोट भरलेले आहे’ असे म्हणावे तर अपमान होई, आणि खावे तर घास उतरत नसे. त्यावर उपाय मला शेवटपर्यंत सापडला नाही. मी खाल्ले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मी बरोबर मराठी अंकलिप्या नेल्या होत्या आणि मुलांना मराठी शिकवावयाचे, याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. महाराष्ट्र आहे, मराठी शिकतील. त्यांचे भलेच होईल. मला कन्नड येत होते. कर्नाटकात शाळा शिकलेल्या मुलाला ते येतेच. पण ते मी मुद्दाम बोलत नसे. फळ्यावर घर काढून विचारावे, हे काय? मुले म्हणत, “मनि.” मी म्हणे, नाही, घर. मेंढी काढावी. मुले म्हणत, “कुरी.” नाही, मेंढी. आणि ती मेंढी पाहून मुले हसत. त्या भागात माडग्याळ जातीची मेंढरे. पोपटाच्या चोचीसारखे बाकदार नाक, अंगावर तपकिरी ठिपके. मी काढलेली मेंढी त्यांच्या दृष्टीने कुत्रे होते.

आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती. ती रोज येई, पहिल्या ओळीत बसे आणि तोंडातून शब्द काढीत नसे. दोन महिने झाले तरी तिला एक ते दहा म्हणता येईनात. माझ्या रोजनिशीत तिच्या नावापुढे मी ‘मंद’ असे लिहिले. ती वही अजून माझ्याजवळ आहे.

भाद्रपदातली एक संध्याकाळ. मेंढरे वाड्यात परतत होती. वाडा म्हणजे काट्यांच्या कुंपणाचे आवार, त्याच्या तोंडाशी उभे राहून कोणीतरी मोजावे लागते. त्या दिवशी म्हातारबांना ताप होता, म्हणून ही मुलगी उभी राहिली. मेंढरे एकेक येत नाहीत. तीन-तीन, चार-चार घुसतात, उड्या मारतात, मागे वळतात. ती हाताने काहीच करीत नव्हती, नुसती पाहत होती आणि ओठ हलत होते. शेवटचे मेंढरू आत गेले तशी ती ओरडली, “नूरा एप्पत्तारु! ओंदु मरी इल्ला!” एकशे शहात्तर, एक कोकरू नाही! कानडीत मरी म्हणजे पिलू. पहिल्या आठवड्यात “मरी बंतु” ऐकून, वाडीवर पटकीची साथ आली या भयाने मी रात्रभर जागा राहिलो होतो, ते येथे कबूल करतो. त्या संध्याकाळी मात्र मला बरोबर कळले. दोन तरुण कंदील घेऊन गेले आणि ओघळीत अडकलेले कोकरू घेऊन आले.

एकशे शहात्तरपर्यंत पळती मेंढरे मोजणारी मुलगी माझ्या वर्गात मंद होती, कारण मी तिला दहापर्यंत माझ्या भाषेत मोजावयास सांगत होतो. तिला वाटत होते की शाळेत मोजणे ही मेंढरांच्या मोजण्याहून काही निराळीच विद्या आहे.

त्या रात्री झोप आली नाही. आमच्या सीमाभागात ज्या गोष्टीसाठी माणसे रस्त्यावर आली, ती दुसरी कोणती होती? भारताच्या राज्यघटनेत १९५६ साली ३५०-अ हे कलम घातले गेले: भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण त्यांच्या मातृभाषेतून मिळावे, यासाठी राज्याने पुरेशी सोय करावी. आमच्या सभांतून हे कलम तोंडपाठ म्हणणारी माणसे मी पाहिली होती. म्हणणाऱ्यांत माझे वडील होते. आणि मी, त्यांचा मुलगा, महाराष्ट्रात पाऊल ठेवताच दुसऱ्याच्या मुलांना तेच नाकारीत होतो; तेही फुकट, सेवा म्हणून.

तीन कोसांवर जिल्हा परिषदेची कन्नड शाळा होती. वाडीच्या पोरांना रोजचे ते अंतर झेपत नव्हते. तेथल्या गुरुजींनी मला जुनी कन्नड पुस्तके दिली आणि चहा पाजला. “निपाणीचे मराठी आणि कन्नड शिकवता?” असे म्हणून ते जे हसले, त्यात कुचेष्टा नव्हती, पण मला ते लागले. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर मेंढी काढली आणि खाली कन्नड अक्षरांत ‘कुरी’ लिहिले. ती पाहूनही मुले हसली. चित्र तेच होते.

दिवाळीला निपाणीस गेलो. घरात सांगावे की न सांगावे? जेवताना सांगून टाकले. आई वाढता वाढता थांबली. बाबांनी मान वर केली नाही. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला बसवर पोहोचवावयास आले, तेव्हा त्यांच्या हातात कागदात बांधलेला एक जड पुडा होता. पाटीवरच्या पेन्सिली, निदान दहा डझन. तो माझ्या मांडीवर ठेवून ते म्हणाले, “कानडी लिहायला हीच पेन्सिल चालते ना?” गाडी सुटेपर्यंत ते स्टँडवर उभे होते. या विषयावर आमचे पुन्हा कधी बोलणे झाले नाही.

मी परत गेलो तो वाडी निम्मी रिकामी. पावसाळ्यात मेंढरे या कोरड्या माळावरच सुखी असतात, कारण चिखलात त्यांचे खूर कुजतात. दिवाळीनंतर चारा संपला की कळप पश्चिमेला, कृष्णाकाठच्या बागायतीकडे निघतात. तेथले शेतकरी खतासाठी शेतात मेंढरे बसवून घेतात आणि रात्रीमागे ठरलेले धान्य देतात. घरची माणसे, कोंबड्या, घोड्यावरचा संसार, सारे बरोबर. माझे विद्यार्थीही. राहिलेल्या सात मुलांना मोठ्या मुलींपैकी एकीवर सोपवून मी बावीस दिवस त्या वाड्याबरोबर चाललो.

पुढे मला वाचनात आले की इराणात मोहम्मद बहमनबेगी या कश्काई टोळीतल्या गृहस्थाने १९५० नंतरच्या दशकात नेमके हेच मोठ्या प्रमाणावर केले होते. भटक्या टोळ्यांबरोबर पांढऱ्या तंबूतली शाळा फिरे. कळप हलला की तंबू घोड्यावर चढे. त्यांची खरी हुशारी अशी की मास्तर शहरातून न आणता त्यांनी टोळ्यांतल्याच तरुणांना शिकवून तयार केले. तेच ऊन, तेच पाणी ज्याच्या अंगवळणी पडलेले आहे, तो मास्तर पळून जात नाही. मात्र त्या शाळांतून शिकवीत ते फारसी, आणि कश्काई मुलांच्या घरची भाषा तुर्की वळणाची. तो पेच तेथेही होताच.

आमच्या फिरत्या शाळेत एक गंमत झाली. मिरजेच्या वाटेवर मैलाचे दगड लागू लागले, एसटीच्या पाट्या दिसू लागल्या. त्यांवरची अक्षरे मराठी. मुलांनी विचारले, मास्तर, हे आमच्या पाटीवरल्यासारखे का नाही? मग चालता चालता मराठी अक्षरे आली. ‘मि’, ‘र’, ‘ज’. अंकलिपीतून दोन महिन्यांत जे झाले नव्हते, ते दगडांवरून आठ दिवसांत झाले. एक लिपी हाताशी असली की दुसरी तिचे बोट धरून येते. एका शेतात धान्याचा हिशेब चुकला. नऊ पायलीची चिठ्ठी होती, माप सातच पडले. शेतकरी म्हणाला, चिठ्ठीत सातच आहेत. आमच्या वाड्यातले दहा-अकरा वर्षांचे पोर पुढे झाले, चिठ्ठी घेऊन मोठ्याने वाचली. शेतकऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि मुकाट्याने दोन पायल्या घातल्या. त्या रात्री पोराच्या आईने मला दुप्पट ताक वाढले.

आता जे सांगावयाचे ते सुखाचे नाही. मे १९९३ मध्ये मला कर्नाटक सरकारच्या मराठी शाळेवर नेमणुकीचा हुकूम आला. नोकरी नाकारण्याची घरची स्थिती नव्हती, आणि खरे सांगावयाचे तर माझीही इच्छा नव्हती. एक वर्ष उन्हात काढले होते. पंखा, नळ आणि पगार हवासा वाटत होता. संस्थेला माझ्या जागी कोणी मिळाले नाही. म्हातारबांनी निरोप देताना विचारले, “पुढचं गुर्जी कवा येनार?” मी म्हटले, येतील. ते खोटे आहे हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. शाळा बंद पडली.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने शाळा नसलेल्या खेड्यापाड्यांतून ५७८ व्हॉलंटरी शाळा चालविल्या, त्यांच्याविषयी मी पुढे जेव्हा जेव्हा वाचले, तेव्हा मला आकड्यापेक्षा एकच प्रश्न पडे: पहिला मास्तर गेल्यावर दुसरा येईल याची व्यवस्था त्यांनी कशी केली असेल? उत्साही तरुण मिळविणे फार अवघड नाही. मी तसाच एक मिळालो होतो. वर्षभर पाहुणा म्हणून राहिलेल्या मास्तराला वाडी दोन घागरी पाणी देते, आणि तो जातो तेव्हा मुलांच्या हाती अर्धवट अक्षरे राहतात. हे माझ्या हातून घडले, ते मी सेवेच्या खात्यावर लिहून ठेवू शकत नाही. आज माझ्याच शाळेत वर्षाच्या कराराने अतिथी शिक्षक येतात, कष्टाने शिकवितात आणि मार्चनंतर पुढल्या वर्षी आपण असू की नाही हे त्यांनाही ठाऊक नसते. मुलांना त्यांची नावे पाठ होतात न होतात तोच निरोप. मी वरिष्ठांना लिहितो, उत्तरे येतात.

वाडीला मी कन्नडमध्ये दोन पत्रे पाठविली. दुसऱ्याचे उत्तर आले, त्याच मुलीचे. सहा ओळी. त्यात मेंढरांची संख्या होती, टँकर दोन वेळा आल्याचे होते आणि शेवटी, मी शिकविले नव्हते अशा वळणदार मराठीत, तिचे नाव होते. कोणाकडून शिकली, कळले नाही. त्यानंतर पत्र नाही.

बऱ्याच वर्षांनी एका लग्नाच्या निमित्ताने जतला गेलो, तेव्हा वेळ काढून वाडीवर जाऊन आलो. म्हैसाळ योजनेचे पाणी तालुक्याच्या काही भागात पोहोचले आहे. वाटेत द्राक्षबागा आणि डाळिंबे दिसली, बेदाण्याच्या शेड दिसल्या. वाडीच्या बाजूला मात्र माळ तसाच होता. सीमेलगतच्या गावांनी २०१२ साली पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते आणि २०२२ च्या अखेरीस तो विषय पुन्हा वर्तमानपत्रांत आला. आमच्याकडची गावे महाराष्ट्रात जाऊ म्हणतात आणि इकडची कर्नाटकात. बातमी वाचून मला म्हातारबांची घागर आठवली. बिरोबाचे देऊळ सिमेंटचे झाले आहे. म्हातारबा कधीच गेले. ती मुलगी विजयपूर जिल्ह्यात इंडीच्या बाजूला दिली, एवढे कळले. मुले शिकतात का, असे विचारले, तर सांगणाऱ्या बाईने “शिकतात की!” असे म्हटले, पण तो शिष्टाचारही असू शकेल.

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागात ऊसतोडीला आलेल्या टोळीतील तीन मुले शाळेच्या फाटकाशी उभी होती. विजयपूरकडचे लमाणी कुटुंब. मुलांना कन्नड अर्धेमुर्धे येते, मराठी नाही. नियमाने मी त्यांना दाखल करून घेऊ शकतो की नाही, याचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. तोपर्यंत सकाळी प्रार्थनेपूर्वी अर्धा तास त्यांना व्हरांड्यात बसवू लागलो. पहिल्या दिवशी पेला पुढे ठेवून मी कन्नडमध्ये विचारले, तुमच्या तांड्यात याला काय म्हणता? धाकटा जरा घुटमळला. मग म्हणाला, “पाणी.”

मी म्हटले, आम्हीही तेच म्हणतो. त्याचा विश्वास बसला नाही. त्याने जाणाऱ्या दुसऱ्या मुलाला विचारून खात्री करून घेतली.